‘डेटाबेस इज लॉक्ड’ सारखं येतंय? कुलूप कोण धरून बसलंय ते शोधा

“भाऊ, लॉक झालंय म्हणतंय. चावी तुमच्याकडंय का?”

लासलगावच्या बाजूला एका कांदा खळ्यावरून दिवाणजींचा हा फोन आला तेव्हा मी आधी हसलो. त्याच आठवड्यात तिथूनच आणखी चार फोन आले आणि हसू मावळलं. बाहेर भुईकाट्यावर ट्रॅक्टरची रांग, आत स्क्रीनवर ‘डेटाबेस इज लॉक्ड’, आणि काटापट्टीसाठी खिडकीशी उभा राहून वैतागलेला शेतकरी. लिलाव उरकल्यावर सगळ्या गाड्या एकदमच खळ्यावर येतात, आणि हा दोष नेमका तेव्हाच उपटतो. दुपारी चारला मी पोहोचलो की सगळं सुरळीत चाललेलं!

मी नाशिकला असतो. वजनकाटे, द्राक्षांची पॅकहाऊस, मेडिकलची दुकानं, अंबड-सातपूरचे छोटे कारखाने यांची बिलिंगची आणि नोंदींची सॉफ्टवेअरं सांभाळतो. त्यातल्या बहुतेकांच्या पोटात एसक्यूलाइट हा डेटाबेस आहे. एकच दोष इतक्यांदा काढलाय, की आता फोनवरच निम्मं निदान होतं. ते इथे लिहून ठेवतो. पहिल्या तपासण्या दुकानातल्या कुणालाही जमतील. पुढच्या ज्याने सॉफ्टवेअर लिहिलंय त्याच्यासाठी. आज्ञा आणि संदेश इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिलेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. एसक्यूलाइटला सर्व्हर नसतो. रिचर्ड हिप यांनी २००० साली हे बाहेर आणलं ते याच कल्पनेवर: अख्खा डेटाबेस म्हणजे एक साधी फाइल, आणि ती वाचणारं-लिहिणारं यंत्र तुमच्याच प्रोग्रॅमच्या आत. प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये ते आहे. वेगळं काही बसवायला लागत नाही, पासवर्ड लागत नाही, म्हणून आपल्याला आवडतं. पण सर्व्हर नाही म्हणजे दारावर रखवालदारही नाही. आत कोण आहे, कधीपासून आहे, हे कुणी वहीत लिहून ठेवत नाही. येणारा प्रत्येक प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमकडून फाइलवर कुलूप मागतो; मिळालं तर लिहितो, नाही मिळालं तर ‘लॉक्ड’ म्हणून परत फिरतो. म्हणजे हा संदेश डेटाबेस बिघडल्याचा नाही. दुसरं कुणीतरी आत आहे, एवढंच तो सांगतो. ते ‘कुणीतरी’ सापडलं की काम झालं.

लक्षणं

सकाळी सगळं ठीक, गर्दीच्या तासाला अडतं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला की तासभर बरं वाटतं. कुणी महिन्याचा रिपोर्ट काढायला घेतला की काट्यावरची नोंद सेव्ह होत नाही. एकदा दाबलं तर एरर, लगेच पुन्हा दाबलं तर सेव्ह होतं. किंवा उलट, कितीही दाबा, होतच नाही. यातलं तुमचं कुठलं ते कागदावर लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

संदेश पूर्ण वाचा, आणि आकडा दिसत असेल तर तोही. फोनवर सगळे ‘लॉक झालं’ एवढंच सांगतात, पण भावंडांसारखे दिसणारे हे संदेश वेगवेगळ्या घरचे आहेत. ५ म्हणजे ‘डेटाबेस इज लॉक्ड’: दुसरं कनेक्शन आड येतंय. ६ म्हणजे ‘डेटाबेस टेबल इज लॉक्ड’: इथे भांडण बहुधा घरातच असतं, तुमचाच प्रोग्रॅम स्वतःच्या पायात पाय अडकवतोय. ८ म्हणजे लिहायची परवानगी नाही. १३ म्हणजे डिस्क भरली. १४ म्हणजे फाइल उघडताच येत नाही. १० म्हणजे डिस्कवर वाचता-लिहिताना गडबड. आणि ११, ‘डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड’, दिसला तर पुढचं काहीही करू नका, थेट शेवटच्या भागात जा. या लेखातला मुख्य रोग ५ नंबरचा.

हात लावण्याआधी

डेटाबेसच्या फाइलशेजारी त्याच नावाच्या, पण ‘-वॉल’, ‘-एसएचएम’ किंवा ‘-जर्नल’ अशी शेपटी लावलेल्या फायली दिसतील. दर दोन महिन्यांनी कुणीतरी हुशार माणूस ‘ही लॉकची फाइल असणार’ म्हणून त्या उडवतो आणि मग मला फोन करतो. त्या लॉकच्या फायली नाहीत. ‘-वॉल’मध्ये मुख्य फाइलमध्ये अजून न उतरलेल्या, पण तुमच्या दृष्टीने सेव्ह झालेल्या पावत्या असू शकतात. ‘-जर्नल’मध्ये अर्धवट राहिलेलं काम मागे फिरवण्यासाठी ठेवलेली जुनी पानं (डेटाबेसच्या फाइलचे ठरावीक आकाराचे तुकडे) असतात, लाइट गेल्यावर पुढच्या वेळी एसक्यूलाइट त्यातूनच स्वतःला सावरतं. ती फाइल उडवली तर अर्धी जुनी, अर्धी नवी अशी पानं तशीच राहतात, आणि ५ नंबरचा साधा आजार ११ नंबरचा होतो. कुलूप फाइलमध्ये नसतंच, ते ऑपरेटिंग सिस्टिमकडे असतं. प्रोग्रॅम मेला की आपोआप सुटतं. म्हणून तर रीस्टार्टने बरं वाटतं.

तेव्हा सगळे प्रोग्रॅम बंद करा, अख्खा फोल्डर शेपटीच्या फायलींसकट दुसरीकडे कॉपी करा, आणि मगच पुढे.

तपासणी पहिली: प्रोग्रॅम दोनदा तर उघडला नाही?

फुकटची आणि सगळ्यात जास्त वेळा लागू पडणारी. सॉफ्टवेअर उघडायला वेळ लागला की माणूस आयकॉनवर पुन्हा दोनदा टिचक्या मारतो. एक खिडकी दुसरीमागे दडते. किंवा खिडकी बंद होते, पण प्रोग्रॅम मागे जिवंत राहतो. टास्क मॅनेजर उघडून डिटेल्समध्ये त्याच नावाच्या दोन ओळी दिसतात का बघा. खळ्यावरच्या त्या पाच फोनांपैकी दोन एवढ्यानेच मिटले.

याच घरातला दुसरा गुन्हेगार म्हणजे डेटाबेस बघायचं टूल. ‘डीबी ब्राउझर’मध्ये फाइल उघडली, एका नावातली चूक दुरुस्त केली, पण ‘राइट चेंजेस’ दाबलं नाही आणि चहाला गेलात. तो बदल सेव्ह किंवा रद्द होईपर्यंत लिहिण्याचं कुलूप त्या टूलकडे राहतं. एका पॅकहाऊसवर सॉफ्टवेअरवाल्याच्या नावाने शंख चालला होता, आणि टूल उघडं ठेवून जेवायला गेलेला तोच शंख करत होता. नाव सांगत नाही, घरचाच माणूस आहे.

विंडोजवर फाइल नेमकी कुणी धरलीय ते बघायचं असेल तर रिसोर्स मॉनिटर उघडा, सीपीयूच्या टॅबमध्ये ‘असोसिएटेड हँडल्स’च्या शोधखिडकीत फाइलचं नाव टाका. लिनक्सवर ‘एलएसओएफ’ हेच काम करतं. रखवालदार नाही म्हणालो ना, मग हीच आपली हजेरीवही.

दुसरी: फाइल बसलीय कुठे?

ही तपासणीही फुकट, पण उत्तर नकोसं निघू शकतं.

फाइल गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असेल तर आधी तिथून हलवा. ‘आपोआप बॅकअप होतो’ म्हणून ठेवलेली असते. सिंक करणारा प्रोग्रॅम तुमच्या कामाच्या मध्येच फाइल उघडतो. त्यातून कधी ‘लॉक्ड’ येतं, कधी १० नंबर. शिवाय मुख्य फाइल एका क्षणाची आणि ‘-वॉल’ दुसऱ्या क्षणाची वर चढते, म्हणजे गरज पडेल तेव्हा तो बॅकअप एकमेकांशी न जुळणाऱ्या तुकड्यांचा निघतो.

फाइल एका कॉम्प्युटरवर आणि बाकीचे दोन-तीन नेटवर्कच्या शेअर्ड फोल्डरमधून, म्हणजे तो ‘झेड ड्राइव्ह’ लावून, तीच उघडतात का? मग थांबा. इथे मी सरळ सांगतो: ही मांडणी सुधारून चालत नाही, बदलावी लागते. एसक्यूलाइटचा सगळा संसार कुलपांवर उभा आहे, आणि नेटवर्कवरच्या फाइल सिस्टिम कुलपाच्या बाबतीत भरवशाच्या नाहीत. दोन कॉम्प्युटरना एकाच वेळी ‘कुलूप तुझंच’ असं उत्तर मिळालं की दोघंही लिहितात आणि फाइल फाटते. पुढे जो वॉल मोड सांगणार आहे, तो तर नेटवर्कवर चालतच नाही. त्यातले सगळे प्रोग्रॅम एकाच मशीनवर असावे लागतात, कारण ‘-एसएचएम’ ही त्या मशीनची सामायिक मेमरी असते.

उपाय दोन. फाइल जिथे आहे त्याच मशीनवर एक छोटा प्रोग्रॅम बसवायचा, फाइल फक्त त्याने उघडायची, आणि बाकीच्यांनी नेटवर्कवरून त्याला निरोप द्यायचे. नाहीतर पोस्टग्रेस किंवा मारियाडीबी अशा सर्व्हरवाल्या डेटाबेसवर जायचं. काटा, ऑफिस आणि शेठचं घर अशा तीन ठिकाणांहून नोंदी लागत असतील, तर मी दुसरा उपाय सुचवतो. एसक्यूलाइट बनवणारे स्वतःच म्हणतात की त्यांची स्पर्धा मोठ्या सर्व्हरवाल्या डेटाबेसशी नाही, साधी फाइल उघडून त्यात लिहिण्याशी आहे. टेम्पोत भरायचा माल ट्रॅक्टरमध्ये कोंबून ट्रॅक्टरला बोल लावायचा नाही.

तिसरी: जागा आणि परवानगी

झटपट. डिस्कवर जागा आहे ना? सॉफ्टवेअर ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये बसवून डेटाही तिथेच ठेवलाय का? साध्या यूजरला तिथे लिहायची परवानगी नसते. काही जुन्या प्रोग्रॅमांसाठी विंडोज गुपचूप ‘व्हर्च्युअल स्टोअर’ नावाच्या आडबाजूच्या फोल्डरमध्ये दुसरी प्रत करतं, आणि मग एका लॉगिनला कालच्या पावत्या दिसतात, दुसऱ्याला दिसत नाहीत. परवानगी नुसत्या फाइलवर असून भागत नाही, फोल्डरवरही लागते, कारण शेजारी ‘-जर्नल’ बनवावी लागते. अँटिव्हायरसला डेटाचा फोल्डर वगळायला सांगा.

चौथी: एरर किती सेकंदांनी येतो? घड्याळ लावा

इथून पुढे सोर्स कोड लागेल. पण ही एक तपासणी कुणालाही करता येते, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची आहे.

‘सेव्ह’ दाबल्यापासून एरर येईपर्यंत वेळ मोजा.

एसक्यूलाइट मुळात वाट बघत नाही. कुलूप मिळालं नाही की त्याच क्षणी परत फिरतं. त्याला ‘प्राग्मा’ने, म्हणजे एसक्यूलाइटच्या सेटिंगच्या आज्ञेने, थांबायला शिकवावं लागतं: ‘प्राग्मा बिझी टाइमआउट’ ५०००, म्हणजे ५००० मिलिसेकंद, ५ सेकंद. पायथनचं लायब्ररी स्वतःहून ५ सेकंद थांबतं. बाकी ठिकाणी तपासून घ्या. आणि ही सेटिंग फाइलमध्ये साठत नाही, प्रत्येक कनेक्शन उघडताना नव्याने द्यावी लागते. ‘मी मागच्या महिन्यात लावलं होतं’ म्हणणारे भेटतात; त्यांनी ते टूलमध्ये एकदा चालवलेलं असतं, प्रोग्रॅमला त्याचा पत्ताच नसतो.

टाइमआउट लावलेला नव्हता आणि एरर तत्काळ येत होता? लावा आणि आठवडाभर बघा. एकाच मशीनवरच्या दोन-तीन खिडक्यांची भांडणं बहुतेक इथेच संपतात, कारण खरं लिहिणं काही मिलिसेकंदांचं असतं.

टाइमआउट लावलाय आणि एरर बरोबर ५ सेकंदांनी येतो? मग कुणीतरी खरोखरच कुलूप धरून बसलंय. सहावी तपासणी वाचा.

टाइमआउट लावलाय, तरी एरर तत्काळ? हा सगळ्यात फसवा प्रकार. सातवी वाचा.

टाइमआउट ६० सेकंद करून विषय मिटवू नका. मी ते करून पाहिलंय. एरर जातो, आणि त्याच्या जागी ‘सॉफ्टवेअर हँग होतंय’ असे फोन येतात.

पाचवी: वॉल मोड

जुन्या, म्हणजे मुळातल्या जर्नल पद्धतीत वाचणारा आणि लिहिणारा एकमेकांच्या आड येतात. महिन्याचा रिपोर्ट वाचत असताना लिहिणाऱ्याला शेवटचं पाऊल टाकता येत नाही. वॉल मोडमध्ये नवं लिखाण आधी ‘-वॉल’ फाइलच्या टोकाला जोडलं जातं, वाचणारा आपलं जुनं चित्र बघत राहतो, दोघंही सुखी. ही सोय २०१० पासून आहे. ‘प्राग्मा जर्नल मोड’ ‘वॉल’ एकदा दिलं की फाइलमध्येच नोंदलं जातं, दरवेळी द्यावं लागत नाही. बिझी टाइमआउटच्या बरोबर उलट, म्हणूनच लोकांची गल्लत होते.

पण लिहिणारा एका वेळी एकच, हे वॉलमध्येही बदलत नाही.

वॉल लावल्यावर बॅकअपची सवय बदला. एका काट्यावरचा कॉम्प्युटर हंगामात रात्रंदिवस चालू असायचा, सॉफ्टवेअर कधी बंदच होत नव्हतं. दिवाणजी रोज संध्याकाळी इमानेइतबारे मुख्य फाइल पेनड्राइव्हवर घ्यायचे, फक्त मुख्य. एक दिवस हार्डडिस्क गेली आणि पेनड्राइव्हवरून डेटा परत टाकला, तर शेवटच्या काही पावत्याच नाहीत. त्या ‘-वॉल’मध्ये होत्या. एरवी ‘-वॉल’ १००० पानांना पोहोचली की, म्हणजे सध्याच्या ४०९६ बाइटच्या पानाने साधारण ४ एमबीला, मुख्य फाइलमध्ये उतरवली जाते, आणि शेवटचं कनेक्शन नीट बंद झालं तरी उतरते. लहान धंद्यात दिवसाला तेवढी पानं भरत नाहीत आणि बंद तर कुणी करत नाही. चालू फाइलची कॉपी-पेस्ट हा बॅकअप नव्हे; एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअपची सोय किंवा ‘व्हॅक्यूम इन्टू’ वापरा.

‘-वॉल’ मुख्य फाइलपेक्षा मोठी झालेली दिसली तर कुणीतरी वाचायला बसलेला उठतच नाहीये. न मिटलेला कर्सर, उघडा राहिलेला रिपोर्ट. तो जुनं चित्र धरून असेपर्यंत ‘-वॉल’ पहिल्यापासून नव्याने वापरता येत नाही, ती फुगत राहते.

सहावी: ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून कोण बसलंय?

ही गोष्ट माझ्याच चुकीची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

भुईकाट्यावर एका गाडीची दोन वजनं होतात. आधी भरलेली ट्रॉली, मग कांदा खळ्यावर ओतून झाला की रिकामी. वजाबाकी म्हणजे माल. पहिल्यांदा ते सॉफ्टवेअर लिहिलं तेव्हा मला वाटलं, दोन्ही वजनं मिळून एकच व्यवहार, तर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळं एकदम पक्कं नाहीतर सगळंच रद्द अशा एका गाठोड्यात, असावीत. पुस्तकी शहाणपण! भरलेलं वजन घेताना ‘बिगिन’, म्हणजे ट्रान्झॅक्शन सुरू; रिकामं झाल्यावर ‘कमिट’, म्हणजे पक्कं. ऑफिसात बसून तपासलं, दोन्ही वजनं पाठोपाठ टाकली, झकास चाललं. खळ्यावर मात्र त्या दोन वजनांमध्ये ट्रॉली रिकामी व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, हमाल आधीच्या गाडीवर असले तर अर्धा तास. तेवढा वेळ लिहिण्याचं कुलूप त्या एका गाडीच्या नावावर. हिशोबपट्टी करणाऱ्या खिडकीला ‘लॉक्ड’. आणि त्या शेतकऱ्याने मध्येच मालाच्या प्रतीवरून घासाघीस काढली की बघायलाच नको.

दुरुस्ती अगदी सोपी निघाली. भरलेलं वजन ही एक पूर्ण नोंद, स्थिती ‘अपूर्ण’. ती लगेच कमिट. रिकामं वजन आलं की दुसरं छोटं ट्रान्झॅक्शन, त्यात स्थिती ‘पूर्ण’. धंद्याचा व्यवहार आणि डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला खळ्यावरच्या धुळीत उभं राहून कळलं.

तुमच्या कोडमध्ये ‘बिगिन’ आणि ‘कमिट’च्या मध्ये काय काय येतं ते एकेक ओळ वाचून बघा. माणसाच्या उत्तराची वाट (‘सेव्ह करू का?’चा डबा), प्रिंटर, काट्याच्या सिरियल पोर्टवरून वजन येण्याची वाट, एसएमएस पाठवणं, इंटरनेटवरची चौकशी, यातलं काहीही मध्ये नको. प्रिंटरचा कागद अडकला म्हणून अख्खं ऑफिस थांबलेलं मी पाहिलंय. आणि एरर आल्यावर ‘रोलबॅक’ न करता, म्हणजे अर्धवट काम रद्द न करता, बाहेर पडणाऱ्या वाटा शोधा. त्या वाटेने गेलेलं ट्रान्झॅक्शन कुणी मिटवतच नाही, आणि ‘रीस्टार्ट केलं की बरं होतं’ हे लक्षण तिथूनच येतं.

उलट टोकाची चूकही सांगतो. एक्सेलमधल्या ५००० नोंदी आत घेताना प्रत्येक ओळीला वेगळं ट्रान्झॅक्शन. दर कमिटला एसक्यूलाइट डिस्कवर खरंच लिहिलं गेल्याची खात्री करून घेतं. ७२०० आरपीएमच्या जुन्या हार्डडिस्कवर असे सेकंदाला साधारण ६० कमिट होतात, म्हणजे ५००० ओळींना जवळपास दीड मिनिट, आणि तेवढा वेळ कुलपाची सतत ओढाताण. सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये घाला, बहुधा सेकंदभरात होतं. लाखभर ओळी असतील तर हजार-हजारचे घास करा.

इथेच कुणीतरी सुचवतं की ‘प्राग्मा सिंक्रोनस’ ‘ऑफ’ करा, पळतं. पळतं खरं. पण लाइट गेली की फाइल फाटू शकते, आणि आपल्याकडे लाइट जाते. वॉल मोडमध्ये ‘नॉर्मल’ पुरतं. अचानक वीज गेली तर शेवटचे काही व्यवहार जाऊ शकतात, पण फाइल शाबूत राहते. पैशाची नोंद असेल तर मी मुळातलं ‘फुल’च ठेवतो.

सातवी: वाचता वाचता लिहायला उठणं

टाइमआउट असूनही तत्काळ येणारा एरर तो हाच. नुसतं ‘बिगिन’ म्हटलं की एसक्यूलाइट काहीच कुलूप घेत नाही. जेव्हा लागेल तेव्हा घेऊ म्हणतं. तुमचा कोड आधी वाचतो, ‘शेवटचा पावती क्रमांक किती?’ आणि मग लिहितो, ‘त्यात एक मिळवून नवी पावती’. दोन खिडक्यांनी एकाच वेळी वाचलं, पहिलीने लिहून टाकलं. आता दुसरी जे चित्र बघून बसलीय ते शिळं झालं. तिला कितीही थांबवलं तरी शिळ्याचं ताजं होणार नाही, म्हणून एसक्यूलाइट टाइमआउटला न विचारता लगेच नकार देतं. नकार योग्यच आहे. तो नसता तर एकाच नंबरच्या दोन पावत्या फाटल्या असत्या.

लिहायचं आहे हे ठाऊक असलेलं प्रत्येक ट्रान्झॅक्शन ‘बिगिन इमिजिएट’ने सुरू करा. कुलूप सुरुवातीलाच मागितलं जातं, तिथे टाइमआउट लागू होतो, दुसरी खिडकी क्षणभर थांबते आणि ताजा क्रमांक वाचते. तरी एरर आलाच तर ‘रोलबॅक’ करून पहिल्या ओळीपासून सुरू करा. अडलेली तेवढीच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवण्यात अर्थ नाही, ती त्या ट्रान्झॅक्शनमध्ये कधीच पास होणार नाही.

अँड्रॉइड ॲप लिहिणाऱ्यांसाठी दोन ओळी: प्रत्येक स्क्रीनने स्वतःचा वेगळा ‘ओपन हेल्पर’ बनवला की एकाच ॲपमध्ये तुमची तुमच्याशीच मारामारी. अख्ख्या ॲपला एकच ठेवा.

लॉक नसतं, पण फोन ‘लॉक’चाच येतो

‘शेतकऱ्याचं खातं लॉक झालंय, सापडत नाही’ म्हणून एकदा पिंपळगावला गेलो. डेटाबेस ठणठणीत. नाव होतं बोऱ्हाडे. त्यातला ऱ्ह कीबोर्डनुसार दोन प्रकारे लिहिला जातो: एकात वेगळं ‘ऱ’ अक्षर, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडचिन्हाचा कोड. डोळ्याला दोन्ही सारखेच, एसक्यूलाइट मात्र बाइट बघतं, त्याच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. एकाच शेतकऱ्याची दोन खाती झाली होती. सेव्ह करण्याआधी आणि शोधण्याआधी प्रोग्रॅमनेच एक रूप करून घ्यावं. जाता जाता: नावांच्या यादीत ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर येतो, ‘ह’नंतर नाही. तोही बिघाड नव्हे. युनिकोडमधला क्रम तसा आहे.

इथे हात थांबवा

११ नंबर, ‘मालफॉर्म्ड’. किंवा ‘फाइल इज नॉट अ डेटाबेस’. किंवा १० नंबर पुन्हा पुन्हा. सॉफ्टवेअर सगळीकडे बंद करा, त्या फाइलवर एकही नवी पावती करू नका, आणि तोवर कागदी पावतीपुस्तक काढा. अख्ख्या फोल्डरच्या दोन प्रती करा, एकीला कुणीही हात लावायचा नाही. दुसऱ्या प्रतीवर, मूळ फाइलवर नव्हे, ‘प्राग्मा इंटिग्रिटी चेक’ चालवायला हरकत नाही. उत्तर नुसतं ‘ओके’ आलं तर जीव भांड्यात. ओळींची रांग आली तर थांबा. ‘रिकव्हर’ची सोय एसक्यूलाइटच्या कमांड टूलमध्ये आहे आणि ती पुष्कळ काही वाचवते, पण वाचलेलं बरोबर आहे का हे ती सांगत नाही, ते हिशेबाची वही समोर ठेवून जाणत्यानेच ताडायचं. ‘व्हॅक्यूम करून बघतो’ असंही नको. त्याला मूळ फाइलच्या दुपटीपर्यंत मोकळी जागा लागते आणि फाटलेल्या फाइलवर ते मध्येच अडकतं.

१० नंबरबरोबर हार्डडिस्क कटकट आवाज करत असेल तर प्रत काढायचाही सारखा प्रयत्न करू नका. मशीन बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. हे माझंही काम नाही.

फाइल शाबूत आहे, पण शेअर्ड फोल्डरवरून तीन मशीन चालवायच्याच आहेत, तर सॉफ्टवेअर ज्याचं त्यालाच बोलवा. ती दुरुस्ती बाहेरून होत नाही. सोर्स कोड हाताशी नसेल तर चौथ्या तपासणीच्या घड्याळापलीकडे तुमच्या हातात काही नाही, तेवढं मोजा आणि फोन करा.

फोन करताना हे तयार ठेवा: पूर्ण संदेशाचा फोटो, आकडा असेल तर तो, एरर किती सेकंदांनी येतो, त्या वेळी कोणत्या खिडक्या उघड्या होत्या, फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे, आणि शेजारच्या ‘-वॉल’चा आकार किती. आणि कुणी काही डिलीट केलं असेल तर तेही सांगा. रागावत नाही.